पाठीला पाठ

"पण यात नाच कुठे होता?"

निरंजन सबनीसने हे विचारलं तेव्हा प्रयोग नुकताच संपला होता. पद्मावती चौगुले विंगेत एका मोडक्या खुर्चीवर बसून चपला शोधत होत्या. सत्तरी ओलांडलेली, सडपातळ बाई. सांगलीकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. निरंजनची त्यांच्याशी ओळखदेख नव्हती. तो पडद्यामागे सरळ घुसला होता.

तो स्वतः कथक नाचायचा. पुण्यात त्याचं नाव होतं. त्याच्या चकरा सुरू झाल्या की लोक पुढे सरकून बसत. समेवर येऊन तो खटकन थांबला की सभागृह टाळ्यांनी दणाणून जाई. या दणाणण्याची त्याला लहानपणापासून सवय होती.

आणि आज त्याने काय पाहिलं होतं? रिकामा रंगमंच. घुंगरू नाहीत, तबला नाही. एक माणूस जमिनीवरून उठत होता. नुसता उठत होता. हात गुडघ्यावर, मग सगळा भार हातावर, मग कमरेपाशी जरा अडखळणं... मग एका मुलीने दुसरीला पाठीवर घेऊन पलीकडे नेऊन ठेवलं. ठेवलेली मुलगी तशीच वाकून राहिली, जणू अजून कुणाच्या तरी पाठीवरच आहे. शेवटी चाळिशीची एक बाई आली आणि खुर्चीवर बसली. तिला बसायला इतका वेळ लागला की निरंजनने घड्याळ पाहिलं, पाय बदलला, पुन्हा बदलला, मग उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. परत आला तरी ती बसतच होती.

त्याला धड बसवत नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं. उरलेला प्रयोग त्याने दाराशी उभं राहून पाहिला.

अक्कांना चप्पल सापडली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मधे बाहेर गेला होतास."

"हो."

"मग परत का आलास?"

अक्का उत्तराची वाट पाहत बसल्या नाहीत. सांगलीत आमची जागा आहे, वाटलं तर ये, एवढं सांगून त्या गाडीकडे गेल्या.

त्यानंतर त्याचं रियाजात लक्ष लागेना. पाय आपले चालत, बोल तोंडातून बरोबर येत, पण मधेच ती बाई डोळ्यांपुढे बसायला लागे. कुणाला सांगायचीही सोय नव्हती. गुरुजींना तर नाहीच. आपण त्या म्हातारीला एकदा नीट गाठून तिचं म्हणणं खोडून काढलं की हे खूळ डोक्यातून जाईल, असं त्याने मनाशी ठरवलं आणि सांगलीची एसटी धरली.

जागा म्हणजे बंद पडलेली शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी. यंत्रं कधीच गेलेली. वर्षानुवर्षं तेल मुरून फरशी काळी, गुळगुळीत झाली होती आणि दुपारी पत्रा तापला की तिला अजून वास यायचा. तिथे अक्कांची माणसं जमत. कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजातलं. खुर्चीवर बसणारी ती बाईही होती. तिचं नाव हसीना मुल्ला. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. शाळा सुटली की स्कूटरवरून थेट यायची, कधीकधी गळ्यातली शिट्टी काढायचीही विसरायची.

निरंजनने वाद घालायचा प्रयत्न केला. अक्कांनी वाद घातलाच नाही. आलाच आहेस तर कर, म्हणाल्या. तो राहिला. एका आठवड्याचे दोन झाले, मग त्याने खोलीच घेतली.

अक्का कधी काही करून दाखवत नसत. त्या विचारत. तुझी आई गुडघा दुखत असताना कशी उठते? बसमध्ये झोप लागलेल्या माणसाची मान कशी पडते? मग ज्याला जे आठवेल ते तो करी. अक्का बघत बसत आणि बऱ्याच वेळाने एकच सूचना देत, दाखवणं काढ.

निरंजनला ती सूचना सगळ्यात जास्त मिळे. त्याला पडायला सांगितलं की तो असा सुरेख पडायचा की बाकीचे बघत राहायचे. हात पानासारखा खाली येई, डोकं अगदी शेवटी टेके.

"पडलास कुठे?" अक्का म्हणत. "पडून दाखवलंस."

एकदा त्याने चिडून विचारलं की तुम्ही नाच बसवता म्हणजे नेमकं करता तरी काय.

"मी बसवत नाही. आड येतं ते उचलून बाजूला ठेवते."

ज्याला काही येत नाही तो असंच बोलणार, असं त्याला वाटलं. तो तसं बोलला नाही, पण अक्कांना ते दिसलं असावं. त्या हसल्या.

नव्या नाचात त्याला जे काम मिळालं त्याने तर तो हबकलाच. त्याने मधोमध उभं राहायचं. हसीनाताईंनी पाठीला पाठ लावायची आणि हळूहळू पावलं पुढे सरकवत सगळं अंग त्याच्यावर सोडायचं. बाकीचे भोवताली धावणार, पडणार, उठणार. त्याने फक्त उभं राहायचं. बराच वेळ.

हे काम एखादा खांबही करेल, असं तो म्हणाला.

"खांब चालला असता तर खांबच लावला असता," अक्का म्हणाल्या.

तालमीत तो उभा राहायचा. हसीनाताई डोळे मिटून त्याच्यावर भार टाकायच्या. त्यांना भीती अशी वाटतच नसे. निरंजनच्या मात्र पोटऱ्यांत मुंग्या धावायला लागत. बोल आतल्या आत सुरू होत, तळवा आपोआप ताल धरी. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं, पण हसीनाताईंना पाठीतून कळायचं.

"तुम्ही आत पळताय," त्या एकदा हसत म्हणाल्या. "पळा, पण मला घेऊन पळा."

प्रयोग सांगलीतच होता, संध्याकाळचा. नाट्यगृह भरलं होतं. पडद्याच्या फटीतून निरंजनने पाहिलं तर पहिल्या रांगेत त्याचे पुण्याचे गुरुजी बसलेले, शेजारी दोन गुरुबंधू. त्याने त्यांना बोलावलं नव्हतं. आपला शिष्य कुठे अडकला ते बघायला ते आपणहून आले होते.

त्याने फट बंद केली.

नाच सुरू झाला. त्याची जागा आली. तो मधे जाऊन उभा राहिला. पाठीला हसीनाताईंची पाठ लागली, मग हळूहळू जड होत गेली. भोवताली माणसं धावत होती. तो समोर पाहत होता. गुरुजी पाहत होते. गुरुजींच्या कपाळावर एक आठी होती, ती त्याला इतक्या लांबून दिसली. एक गुरुबंधू दुसऱ्याच्या कानाला लागला...

मुंग्या पोटऱ्यांतून मांड्यांत आल्या, मांड्यांतून कमरेत. आता थांबू, आता थांबू म्हणता म्हणता त्याचा उजवा पाय उचलला गेला.

आणि मग तो फिरला. एक चक्कर, मग दुसरी, मग मोजदादच नाही. इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं अंगातून सुटलं. तो असा पूर्वी कधी फिरला नव्हता. शेवटी पाय आपटून थांबला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे.

त्याने मागे वळून पाहिलं. हसीनाताई जमिनीवर होत्या. दोन मुली ते नाचातलंच असल्यासारखं भासवत त्यांना उठवत होत्या. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता.

पडदा पडल्यावर गुरुजी आत आले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शेवटी दाखवलंस," ते म्हणाले.

निरंजन वाकून पाया पडला, पण त्याला वर बघवेना.

कोपऱ्यात कुणीतरी हसीनाताईंच्या मनगटावर बर्फ धरला होता. अक्का त्यांची पिशवी भरत होत्या. आपल्याला आता शिव्या बसणार, हाकलून देणार, असं धरून तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. शिव्या बसल्या असत्या तर बरं, असंही त्याला वाटून गेलं.

"ती पडली," अक्का म्हणाल्या, "तेव्हा आवाज कसा झाला?"

"मला... ऐकू नाही आला. टाळ्या होत्या."

अक्कांनी मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि हसीनाताईंना घेऊन दवाखान्यात गेल्या.

त्या रात्री निरंजनने सामान बांधलं. सकाळी अक्कांना भेटायचं, हसीनाताईंच्या घरी जाऊन क्षमा मागायची आणि पुण्याला निघायचं, असा त्याचा बेत होता. क्षमा कशी मागायची याची वाक्यंसुद्धा त्याने जुळवली होती. ती चांगली जुळली होती.

गिरणीत पोचला तर हसीनाताई तिथेच. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. हाताला पट्टा बांधलेला, तोंडावर रात्रभर न झोपल्याची कळा. बाकीचेही आले होते. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही.

तो अक्कांपाशी गेला आणि जुळवलेलं पहिलं वाक्य म्हणायला लागला. अक्कांनी हात वर केला. त्याला थांबवलं आणि त्याच हाताने हसीनाताईंना मधे जायची खूण केली.

हसीनाताई क्षणभर अक्कांकडे पाहत राहिल्या. मग उठल्या. फरशीच्या मधोमध जाऊन त्यांनी पाय रोवले आणि निरंजनकडे पाठ केली.

काय करायचं आहे ते त्याला कळलं.

"अक्का, त्यांचा हात..."

"पाठ शाबूत आहे."

तो जाऊन वळला. पाठीला पाठ लावली. खांदे मागे टेकवले, मान सैल सोडली, डोळे मिटले. सगळं अगदी बरोबर दिसत होतं.

"तुम्ही अजून तुमच्याच पायांवर आहात," हसीनाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती.

त्याने पाऊल पुढे सरकवलं. थोडंसं. मग आणखी थोडं. आता टाच निसटायला लागली होती आणि त्याला घाम फुटला. यापुढे सरकलो तर सावरता येणार नाही. यापुढे ही बाई बाजूला झाली तर आपण सरळ डोक्यावर आपटणार. आणि ती बाजूला झाली तर तिला बोलायला आपल्याला तोंड नाही.

तो थांबला. ती बाजूला होण्याची वाट पाहायला लागला.

ती होईना.

पत्र्यावर कुठेतरी कावळा चालत होता. त्याची नखं वाजत होती. गिरणीत तेवढाच आवाज.

निरंजनच्या मांड्या थरथरायला लागल्या. तो थरथर लपवायला गेला, जमलं नाही. मग एकाएकी त्याच्या हातून ते सगळं सुटलं. पाय पुढे घसरले आणि त्याचा सगळा भार मागे गेला.

हसीनाताई अर्धं पाऊल पुढे ढकलल्या गेल्या. तिथे त्यांनी त्याला धरलं.

आणि मग त्याला ते जाणवायला लागलं, पाठीतून. त्यांचा श्वास त्याच्या बरगड्यांत येत होता. भार डाव्या टाचेवर जाई, तिथून उजव्या चवड्यावर, तिथून कमरेत, पुन्हा टाचेवर. खांद्याचं एक हाड सारखं जागा शोधत होतं. बाहेरून ती बाई उभी होती. आत तिचं काहीही थांबलेलं नव्हतं. आणि ते सगळं चाललं होतं ते त्याच्यासाठी.

"हसीनाताई," तो म्हणाला, "काल मी..."

"बोलू नकोस," अक्का म्हणाल्या. "तिला जड होतंय."