तांबूचे दूध

एकदा एका वृद्ध वैद्यांनी शिष्याने लिहून आणलेले पान वाचले, घडी घातली आणि बाजूला ठेवले. शिष्याचा चेहरा उतरला. तसे त्यात वावगे काही दिसत नव्हते. गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याची सून बाळंत होऊन महिना झाला होता. अंगावर दूध पुरत नव्हते, बाळ रडून रडून थकत होते. शिष्याने सासूला विचारले, सुनेला विचारले आणि लिहिले : 'रोज मेथीचे दोन लाडू, वीस दिवस. उपयोग नाही.' त्याचे हे मत ऐकून घरच्यांनी बाळाला परगावी दूधआईकडे ठेवायचे ठरवले होते. उद्याच गाडी निघायची होती.

वैद्य शिष्याला घेऊन त्या घरी गेले. नाडी पाहिली नाही, प्रश्न विचारला नाही. त्यांनी बाळाचे ओले दुपटे उचलले आणि सरळ नाकाशी नेले! सासूने तोंडाला पदर लावला. शिष्याला तर कुठे तोंड लपवू असे झाले. मग वैद्यांनी बाळाची टाळू हुंगली. तेवढ्यात सासूबाईंनी पेलाभर दूध पुढे केले. एक घोट घेऊन वैद्य थबकले.

"गाय कुठे बांधता?"

"बाळंतिणीच्या खिडकीखालीच. आमची तांबू," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. या गोष्टीत नाव आहे ते एवढ्या एका गायीलाच.

वैद्यांनी घरच्यांना बाहेर बसवले आणि सुनेला हळूच विचारले, "मुली, तांबूला लाडू आवडतात का गं?"

सुनेने मान खाली घातली. "वासानेच मळमळतं मला, वैद्यबाबा. सासूबाई एवढ्या मायेनं करतात, नको कसं म्हणू?" आणि तिला रडू कोसळले. "पण माझं बाळ नका नेऊ देऊ."

वैद्य बाहेर आले. "लाडू हिला जड पडतात. मोड आणलेली मेथी द्या, पातळ पेजेतून. आठ दिवस दूधआईलाच इथे बोलवा. बाळ आईजवळ राहील."

वाटेत शिष्य धुमसत होता. "गुरुजी, ती माझ्याशी खोटं बोलली!"

"भिडेपोटी बोलली रे. माणसाला भीड असते, मेथीला नाही. दळा, भाजा, तुपागुळात घोळवा, ती पोटातून रक्तात जाते तरी आपला वास सोडत नाही. आईने खाल्ली तर लेकराच्या दुपट्याला येते, गायीने खाल्ली तर दुधाला. इतकी वर्षं झाली, मला अजून नवल वाटतं. तू लिहिलंस, उपयोग नाही. अरे, ती पोटात गेलीच नव्हती! उपयोग होतो की नाही, हे मलाही अजून कळायचंय. आणि किती गेली, ते सांगायला माझं नाक अपुरं आहे."

आठव्या दिवशी शिष्य एकटाच गेला. गेले दोन दिवस दूधआईला बोलवावे लागले नव्हते. बाळ पिऊन आईच्या मांडीवर झोपले होते. शिष्याने काही विचारले नाही, फक्त वाकून टाळू हुंगली. मेथीचा मंद, गोडसर वास आला आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. त्या एवढ्याशा जिवाने मेथीचा दाणा डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

घरी येऊन त्याने नवे पान घेतले आणि पहिली ओळ लिहिली : 'पोटात गेली.' उपयोग झाला की नाही, ही दुसरी ओळ लिहायची त्याला आता घाई नव्हती.