तिसरी हाक

एका राज्यात राजधानी होती डोंगराच्या अलीकडे, पेठ होती डोंगराच्या पलीकडे, आणि मधे होती एक खिंड. वाट तेवढीच. मीठ हवे तर खिंड, तेल हवे तर खिंड, लेकीच्या लग्नाचा शालू हवा तरी खिंड. त्या खिंडीत वीस वर्षे एक मांत्रिक वस्तीला होता. तो कोणाला दिसत नसे. तो हाक मारी.

हाक अशी की, जाणाऱ्याला वाटे आपलेच माणूस बोलावते आहे. जो ओ देई त्याचा आवाज मांत्रिकाच्या रांजणात जाऊन पडे आणि देह वाटेच्या कडेला दगड होऊन उभा राही, उघडे तोंड उघडेच. लोकांनी कानांत कापूस घालून पाहिला, मेण घालून पाहिले. पण ती हाक कानांनी ऐकू येतच नसे, ती पोटात उमटे. आधार एकच होता. त्या राज्याची जुनी रीत होती की तीन हाका आल्याशिवाय ओ देऊ नये, कारण जे माणसांतले नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. मांत्रिकही दोनदाच हाक मारी. तिसरी त्याच्या गळ्यातून निघत नसे.

एवढे ठाऊक असूनही दगड वाढतच होते, आणि त्यांतले बहुतेक व्यापारी होते. त्यात नवल ते काय? घरातला माणूस तीन हाकांची वाट पाहू शकतो. दुकानदार वाट पाहत बसला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. जन्मभर पहिल्या हाकेला ‘ओ, आलो!’ म्हणणारी जीभ खिंडीत कशी थांबावी? असे तीनशे दगड झाले होते. पेठ ओस पडत चालली होती. राजाचे नाव होते निर्भयसेन. नाव ठेवताना आईबाप काय काय मनोरथ करतात! हा निर्भयसेन वीस वर्षांत खिंडीकडे फिरकला नव्हता.

राजधानीत भिवरा नावाची एक बाई राहत होती. चाळिशी उलटली होती. तिचा भाऊ रायाजी तेलाचा घाणा चालवी आणि ती अंथरुणाला खिळलेल्या आईचे करी. अशी बारा वर्षे गेली. मग एके दिवशी रायाजी तेल घेऊन खिंडीत गेला आणि दुसऱ्या वळणावर दगड होऊन उभा राहिला. बैलही परतला नाही. आईने त्याच आठवड्यात डोळे मिटले. भिवरेपाशी उरली आईच्या उशाखालची पुरचुंडी. जपून खाल्ले तर चाळीस दिवस पुरेल, एवढीच तिची पुंजी.

विणता येत नाही, घडवता येत नाही, घाण्याला बैल नाही. चाळीस दिवसांनंतर काय? ती अंगणात बसून स्वतःशीच म्हणाली, “धंदा करावा तर कशाचा करावा?”

कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. हा दिसला तर होताच, शिवाय बोललाही.

“बाई, बारा वर्षे काय केलेस?”

“आईजवळ बसले.”

“बसून काय केलेस?”

“दिवेलागण झाली की तिला भीती वाटे. मी तिचा हात धरून बसे.”

“मग तेच विक.”

“सोबत कोण विकत घेईल?”

“ज्याला भीती वाटते तो. या राज्यात गिऱ्हाइकांना तोटा आहे काय?”

“पण मलाच भीती वाटते.”

“तर उत्तमच. ज्याला भीती नसते तो सोबतीचा नव्हे, तो पुढे निघून जातो. माझ्या सल्ल्याचे मोल रोज तीन गोगलगायी.”

भिवरेने रात्रभर विचार केला. व्यापाऱ्याचा एक हात ओझ्यावर असतो, दुसरा बैलाच्या दोरीवर. तोंड मोकळे राहते. दोघे व्यापारी मिळून गेले तरी हाक दोघांनाही येते. पण आपल्या दारात कधी गिऱ्हाईक आले नाही, आपले नाव कोणी पुकारत नाही. आपल्याला कोण हाक मारणार? आपण नुसते बरोबर चालावे आणि वेळ आली की दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा. याला कोणते कसब लागते? सकाळी तिने पुरचुंडी सोडली, जाड तळव्यांची पायताणे घेतली आणि उरलेल्या पैशांची ज्वारी भरली.

पेठेचे महाजन नागोशेट. पेठ पलीकडे, पण महाजन राहत अलीकडे. कारण सांगायला नको. भिवरा त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “मला सोबतीचा धंदा मांडायचा आहे.”

नागोशेट म्हणाले, “नव्या धंद्याने आधी तीन खेपा करून दाखवाव्यात, ही पेठेची रीत. तिन्ही पार पडल्या तर खिंडीच्या तोंडाशी बसायला ओटा मिळेल.”

“एखादी बुडाली तर?”

“तर विचारायला तू परत येणार नाहीस. पहिली खेप माझीच कर. तीन वर्षे झाली, मला माझी पेढी पाहायची आहे.”

पहिली खेप निघाली. खिंडीत ऊन होते, पण ऊब नव्हती. दोन्ही कडांना दगड उभे होते, पागोटी घातलेले, उघड्या तोंडांचे. दुसऱ्या वळणावर रायाजी होता. खांद्यावर तेलाची बुधली, चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठी आणलेले हसू. भिवरेने मान खाली घातली. पुढे खिंडीतला जुना दरवाजा लागला. अडसर घातलेला तो प्रचंड दरवाजा कायम बंद असे आणि लोक शेजारी मागाहून पडलेल्या फटीतून अंग चोरून जात. तिथेच हाक आली. “नागोशेट!”

नागोशेटांचे ओठ विलगले. भिवरेने तळवा दाबून धरला. “नागोशेट, अहो, माल आहे का?” शेटजींनी ओ द्यायला इतका जोर केला की भिवरेच्या तळव्यात त्यांचे दात रुतले. तिने हात काढला नाही. तिसरी हाक आली नाही. पलीकडे पोचल्यावर नागोशेट मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले. मग त्यांनी पागोट्याचा पदर फाडून तिचा हात बांधला. परतीची वाटही तशीच पार पडली.

दुसरी खेप कासारणीची. तिच्या माथ्यावर बांगड्यांनी भरलेला वेताचा हारा होता, दोन्ही हात त्याला. हाका दोनच आल्या, भिवरेने तोंड धरले, सगळे ठरल्यासारखे झाले. पण त्या फटीतून बाहेर पडताना कोणीतरी हलकेच विचारले, “आणि ही कोण?”

हा प्रश्न कासारणीला ऐकू गेला नव्हता. तो भिवरेच्याच पोटात उमटला होता. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

दोन खेपांनी गावभर नाव झाले. दारोदारून “भिवराबाई!” अशी साद येऊ लागली. कोणाला माहेरी जायचे, कोणाला औषध आणायचे, तिसरी खेप कोणाची यावरून भांडणे होऊ लागली. एके सकाळी भिवरा अंगण सारवत होती. रस्त्यावरून कोणी पुकारले आणि ती म्हणाली, “ओ, आले!”

भारद्वाज कुंपणावरून खाली उतरला. मग म्हणाला, “बाई, कितव्या हाकेला ओ दिलीस?”

भिवरेच्या हातातला शेणाचा गोळा गळून पडला.

“पहिल्या.”

“तुझी जीभ आता व्यापाऱ्याची झाली. तिसऱ्या खेपेला तो तुलाच बोलावील. ऐक, तो कोण ते सांगतो. वीस वर्षांपूर्वी हा मांत्रिक देशोदेशीचे धन रांजणांत भरून सांजवेळी खिंडीत आला. मागे लांडगे लागले होते. मंत्र पुष्कळ येत होते, पण भेदरलेल्याला मंत्र आठवत नाहीत. त्याने दारावर हात मारून हाक दिली, ‘अरे, दार उघडा!’ आतली माणसे रीतीप्रमाणे मोजत राहिली. त्याने दुसरी हाक दिली. तिसरीच्या आधी लांडगे पोचले. ते धन शापाचे झाले. नाणी गेली आणि रांजणांत आवाज साठू लागले.”

“यावर उपाय?”

“त्याची राहिलेली तिसरी हाक कोणीतरी मारावी. पण जो मारील तो त्याच्या जागी उभा राहील. आतून ओ आली तर सगळे सुटतील.”

“नाही आली तर?”

भारद्वाजाने गोगलगाय उचलली आणि तो उडून गेला.

इकडे पाडवा आला. पाडव्याला राजाने स्वतः पेठेत जाऊन तराजूत पहिले माप टाकावे, अशी परंपरा. वीस पाडवे चुकले होते. या वर्षी पेठेने निरोप धाडला, महाराज आले नाहीत तर सूर्यास्ताला पेठ कायमची उठेल. पेठ उठली की राज्यात मिठाचा खडा मिळणार नव्हता. राजाने भिवरेला बोलावले.

“तुझ्याजवळ कोणती विद्या आहे?”

“कोणतीच नाही, महाराज. मी बरोबर येते.”

राजा तिच्या पायताणांकडे पाहत होता. मग उठला.

तिसरी खेप निघाली. भालदार खिंडीच्या तोंडाशी थांबले, पुढे दोघेच. राजाच्या कानांतली कुंडले हलत होती, इतका तो कापत होता. भिवरेचीही गत वेगळी नव्हती. रायाजीपाशी आल्यावर तिने आज पहिल्यांदाच त्याच्या गालाला हात लावला. तो थंडगार होता.

दरवाज्याशी हाक आली. “महाराज!” तीनशे कंठांतून एकदम आली. भिवरेने राजाचे तोंड धरले. “महाराज, न्याय!” तिने तोंड धरूनच ठेवले. शांतता झाली. फट दहा पावलांवर होती आणि तिच्यापलीकडे पेठेच्या गुढ्या दिसत होत्या. खेप पार पडलीच होती.

“भिवरे!”

तो रायाजीचा आवाज होता. कोणी सोंग घेतलेला नव्हे, खुद्द रांजणातला, रायाजीचा. तिच्या ओठांवर ओ आली. तिने दुसरा हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबला.

“भिवरे, अगं दार उघड. हात भरलेत माझे.”

रोज संध्याकाळी घाण्यावरून आला की रायाजी असेच म्हणे, आणि ती चुलीपासून ओ देत उठे. भिवरेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. एक हात राजाच्या तोंडावर, एक आपल्या तोंडावर, अशी ती उभी राहिली. दहा पावले टाकली की ओटा तिचा होता, जन्माची भाकरी तिची होती, आणि खिंडीत भीती आहे तोवर या धंद्याला मरण नव्हते. रायाजी तेवढा तिथेच राहिला असता. ती रोज त्याच्यासमोरून गिऱ्हाइके घेऊन गेली असती.

तिने दोन्ही हात खाली घेतले.

“महाराज, त्या संध्याकाळी या दारामागे कोण होते?”

राजाचा चेहरा पांढरा पडला. “चौकीदार होते. आणि मी होतो. तेव्हा मी युवराज होतो, दार उघडण्याचा हुकूम माझ्या हाती होता.”

“मग?”

“आम्ही दोन मोजल्या. तिसरीची वाट पाहिली. तिसरी आली नाही.”

“तर आता ऐका,” भिवरा म्हणाली. तिला इतकी भीती वाटत होती की आपलाच आवाज तिला ओळखू येईना. ती दाराकडे तोंड करून ओरडली, “अरे, कोणी आहे का आत? दार उघडा!”

हाक कड्यांवर आपटून परत आली. राजाने ओ द्यायला पाहिले. शब्द फुटेना. वीस वर्षे मिटलेले ओठ तसेच राहिले.

भिवरेची पायताणे दगड झाली. मग घोटे, मग गुडघे. थंडी कमरेपर्यंत चढली. “महाराज,” ती म्हणाली, “मला भीती वाटते. हात धरा.”

राजाने तिचा हात धरला. तळव्यावरचे नागोशेटांच्या दातांचे वण त्याच्या बोटांना लागले. हात अजून ऊन होता. मग कोपर गार झाले, मनगट गार झाले, आणि तो ऊन हातही राजाच्या मुठीत गार पडू लागला.

“ओ,” राजा म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला. मग मोठ्याने, “ओ! आलो! दार उघडतो!”

त्याने अडसर उपसून फेकला आणि खांदा लावून दार लोटले. दारामागे मांत्रिक नव्हता, लांडगे नव्हते. उंबऱ्याशी थोडी हाडे होती आणि एका हाताची बोटे दाराकडे पसरलेली होती. खिंडीतून एक सुस्कारा गेला, दमलेला माणूस घरी पोचल्यावर टाकतो तसा. कड्यातले तीनशे रांजण फुटले. तीनशे आवाज आपापल्या तोंडी गेले आणि अर्धवट राहिलेले बोलणे सगळ्यांनी एकदम पुरे केले, “ओ, आलो!”

भिवरेच्या पायांखाली दगडाचा चुरा पडला होता. पायताणे गेली ती गेलीच. ती अनवाणी मागे धावली. दुसऱ्या वळणावर रायाजी बुधली सावरत उभा होता.

“भिवरे, तू इथे? आईजवळ कोण आहे?”

तिने त्याच्या छातीवर डोके टेकले. ते सांगायला तिला पुढे बराच वेळ होता.

राजाने पेठेत पहिले माप टाकले आणि मांत्रिकाच्या हाडांना स्वतः अग्नी दिला. तीन हाका मोजण्याची रीत राज्यातून उठली. नागोशेटांनी भिवरेला शब्दाप्रमाणे ओटा दिला, पण देताना म्हणाले, “बाई, आता खिंडीत भ्यायचे काही राहिले नाही. तुझी सोबत घेणार कोण?”

भिवरा रायाजीकडून नवी पायताणे घेऊन ओट्यावर बसली. एक दिवस कोणी आले नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. लोक हसत-बोलत समोरून जात. रायाजी म्हणाला, “पुरे झाले, घाण्यावर चल.” ती म्हणाली, “उद्याचा दिवस पाहते.”

चौथ्या दिवशी निर्भयसेन राजा आला. भालदार नाही, छत्र नाही.

“भिवराबाई.”

“ओ.”

“पेठेत जायचे आहे.”

“खिंडीत आता काही नाही, महाराज.”

“ठाऊक आहे,” राजा म्हणाला. “तरी चल.”

भिवरेने खेपेचे मोल आगाऊ मागून घेतले, पायताणे चढवली आणि दोघे वाटेला लागले. मागे ओट्यापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागे एक बाळंतीण लेकराला घेऊन. त्यांची पाळी पुढची होती. त्यांना जशी पहिल्या हाकेला ओ मिळाली, तशी तुम्हां-आम्हांला मिळो, आणि भीती वाटेल त्या दिवशी धरायला एक ऊन हात मिळो.