व्हॅनअक्काचं मौन

फार मागची गोष्ट. तेव्हा हत्यारं बोलायची. खोटं वाटत असेल त्यानं माझ्या पान्याला येऊन विचारावं.

सोलापूरचे निवृत्त फिटर सिद्रामअण्णा यांनी हौसेनं पोलिसांची जुनी व्हॅन लिलावात घेतली. बाहेरून ती दूधवाल्याची गाडी दिसे, पण आत बसून पोलिसांनी वीस वर्षं लोकांचं बोलणं चोरून ऐकलं होतं. आता इंजिनाचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. "रविवारपर्यंत सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात," असं अण्णांच्या बायकोनं बजावलं होतं.

अण्णांचा पाना व्हॅनला म्हणाला, "अक्का, बोल्ट मी सोडवतो. आधी एक गुपित सांगा."

"नाही सांगणार."

"पुढाऱ्याचं राहू द्या, आमच्या शेजाऱ्याचं तरी?"

"कुणाचंच नाही."

"मग जा भंगारात."

"जाईन. तिथंही नाही सांगणार."

पाना दोन दिवस फुगून बसला. शनिवारी हळूच जवळ आला. "अक्का, माझा जबडा ढिला झालाय. घसरतो मी, आणि अण्णा शिव्या देतात बोल्टला. आजवर कुणाला बोललो नाही."

व्हॅन हसली नाही. शेजारची पक्कड मात्र पुढे सरकली. "तू फिरव, तुझा जबडा मी धरते. अक्का, माझंही एक आहे, पण ते तुम्हाला एकटीलाच सांगेन."

त्या रात्री दोघांनी मिळून सगळे बोल्ट सोडवले, आणि रविवारी व्हॅन गल्लीतून डौलात निघाली. अण्णा मिशीवर हात फिरवत बायकोला म्हणाले, "याला म्हणतात हाताचा गुण."

मागच्या फळीवर पाना आणि पक्कड बसले होते. त्यांनी अण्णांना तसंच वाटू दिलं.