ट्रंकेमागची भिंत

आधीच सांगतो, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे वाचन झाले ते वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर. भारी शब्द मला येत नाहीत, आले तरी चुकीच्या जागी बसतात. वाचकांनी सांभाळून घ्यावे. चार माणसांसमोर बोलायला उभे केले तर माझी जीभ जड होते, म्हणून लिहायला बसलो आहे. मी भाड्याच्या खोलीत राहतो आणि उद्या आमचे घरमालक खोली बघायला येणार आहेत. अशा वेळी दुसरे काही सुचत नाही. मला पुढची गोष्ट सुचली.

एकदा एक वृद्ध पुराणिक आणि त्यांचा तरुण शिष्य एका लहान शहरात भाड्याच्या खोलीत राहत होते. बुवा दुपारी देवळात पुराण सांगत. त्याचे कधी तांदूळ मिळत, कधी नारळ, कधी नुसताच नमस्कार. शिष्य दिवसा पिठाच्या गिरणीत काम करी आणि संध्याकाळी बुवांच्या समोर बसून पोथी वाचायला शिके. घरात पैसा येई तो गिरणीतून, आणि आला तसा जाई: भाडे, रॉकेल, बुवांच्या डोळ्यांतले औषध. खोली घेताना मालकाने अनामत मागितली, तेव्हा शिष्याने आपल्या आईची बोरमाळ मोडली होती. आई गावी असे. "खोली सोडशील तेव्हा पैसे परत येतीलच की. तेव्हा पुन्हा करू," एवढेच ती म्हणाली होती. हे वाक्य शिष्याला भाकरी मोडतानासुद्धा आठवे.

मालक वरच्या मजल्यावर राहत. दर महिन्याला भाडे घ्यायला येत ते नुसते भाडे घेऊन जात नसत. चपला दाराबाहेर काढून आत येत, मोरीत वाकून बघत, आणि बोटाच्या मागच्या बाजूने भिंतीवर टकटक करीत फिरत. ठोकत आणि ऐकत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारीत. "पाणी किती बादल्या लागतं रे तुम्हाला?"

"चार, शेट."

"चारच?" असे म्हणून ते शिष्याच्या तोंडाकडे बघत.

शिष्याची खात्री झाली होती की हा माणूस निमित्त शोधतो आहे. निमित्त सापडले की खोली खाली करायला लावील आणि अनामत गिळून टाकील. गल्लीत असे एकदोघांचे झाले होते म्हणे. त्यात करारात अट होती की भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही. आणि शिष्याने तर बुवांचा पंचा आणि पोथीची पिशवी अडकवायला खिळे ठोकले होते.

याहून मोठी गोष्ट कोपऱ्यात होती. दिवाळीच्या सुमारास तिथल्या भिंतीला ओल आली. आधी हाताएवढा डाग होता, मग गिलाव्याला पोपडे आले. शिष्याला वाटले, हे मालकाने पाहिले तर म्हणेल तुम्हीच पाणी सांडून भिंत कुजवली. त्याने आपली पत्र्याची ट्रंक उभी करून डागापुढे ठेवली आणि तिच्यावर अंथरुणांची वळकटी रचली. बुवा त्या वेळी समोर बसून जप करीत होते. त्यांनी डोळे उघडून पाहिले आणि पुन्हा मिटले.

एकदा लपवायला लागल्यावर शिष्याला सगळीकडे डोळे दिसू लागले. शेजारची काकू दारात उभी राहून विचारी, "आज काय भाजी?" शिष्याला वाटे, ही आतले बघून वर जाऊन सांगते. मालकांचा नातू चेंडू आणायला आला तरी तो दार अर्धेच उघडी. आणि एके दिवशी गिरणीतून परत येताना त्याने पाहिले, देवळाच्या पायरीवर बुवा आणि मालक बोलत बसले आहेत. बुवा कशाला तरी मोठ्याने हसले. मालकही हसले. त्या माणसाला हसताना शिष्याने कधी पाहिले नव्हते.

रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखे केले, "शेट काय म्हणत होते?"

"गुडघे दुखतात म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. माझेही दुखतात. मग दोघं हसलो."

शिष्याला ते पटले नाही. बुवांची मुलगी शेजारच्या गावाहून कधीपासून त्यांना बोलावत होती. त्याच्या मनात आले, बुवांना काय, ते उद्या लेकीकडे जातील. खोली गेली तर माझी जाणार, माळ गेली तर माझ्या आईची. हा विचार आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण विचार गेला नाही.

अकरावा महिना संपत आला. मालक येऊन खोली बघणार आणि करार पुढे चालवायचा की नाही ते सांगणार, असे ठरले. आदल्या दिवशी शिष्याने सगळे खिळे उपटले. भोके बुजवायला सिमेंट आणावे तर पैसे नव्हते. त्याने दुपारचा उरलेला भात कुस्करून खळ केली, तिच्यात पानाचा चुना कालवला आणि बोटाने भोके लिंपून टाकली. वाळल्यावर भिंतीत कुठे काय होते ते कळेना. शिष्य खूष झाला.

बुवा बघत होते. म्हणाले, "भात ना तो? दुपारचा?"

"हो."

"बरं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाजारात चाललास तर एक खिळा घेऊन ये. चांगला लांब."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "खिळा? बुवा, उद्या पाहणी आहे!"

"म्हणूनच. एकच आण."

दुकानदाराने खिळा पुडीत बांधता बांधता विचारले, "ठोकणार कुठं? तुमच्या मालकाला चालतं काय?"  पुडी खिशात घालून शिष्य लांबच्या गल्लीने घरी आला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच होते. पायरीवर जे बोलणे झाले ते गुडघ्यांचे नव्हते. उद्या बुवा मालकासमोरच खिळा ठोकणार, मालक चिडणार, आणि सगळे त्या दोघांच्या मनासारखे होणार.

तरी त्याने खिळा बुवांच्या हातात दिला. नाही म्हणायचे त्याच्या अंगात नव्हते.

सकाळी मालक आले. चपला बाहेर काढल्या, मोरी पाहिली, बादल्या विचारल्या. मग समोरच्या भिंतीकडे वळले आणि तिथेच थांबले.

भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती. ती जमिनीवरून निघून वर जात होती, आणि वर जाऊन तिचे फाटे फुटले होते. प्रत्येक फाटा एकेका ठिकाणी जाऊन भिंतीत शिरत होता.

"हे काय रे?"

"मुंग्या, शेट. मुंग्या काय, सगळीकडेच असतात."

"असतात. पण या माझ्या भिंतीतून भात घेऊन चालल्यात!" मालकांनी नखाने एक लेप टोकरला. भाताचे शीत त्यांच्या बोटाला चिकटले. "अरे, भिंतीला जेवू घालतोस होय? खिळे ठोकायचे आणि वर मला गंडवायचं. माझ्यासमोर हे, तर माझ्या पाठीमागं काय करत असशील? करार संपला. महिनाअखेर खोली खाली करायची. आणि डिपॉझिटचं मी नंतर बघतो."

 शिष्याने बुवांकडे पाहिले. बुवा हळूहळू उठले, ट्रंकेवरची वळकटी खाली ठेवली आणि ट्रंक बाजूला ओढू लागले.

"बुवा, नको!" शिष्य ओरडला.

ट्रंक सरकली. बुवांनी कमरेची पुडी काढून खिळा मालकांपुढे धरला. "शेट, हा एक खिळा तुमच्या हाताने या भिंतीला लावा."

मालक दोन पावले मागे सरले. "मी? कशाला? उद्या म्हणाल मालकानंच भिंत फोडली."

"हातोडा कुठं देतोय? नुसता खिळा आहे."

मालकांनी खिळा घेतला. उलटसुलट करून पाहिला, बुवांकडे पाहिले, दाराकडेही पाहिले, कोणी बघत नाही ना म्हणून. मग त्याचे टोक भिंतीला टेकवून अंगठ्याने नुसते दाबले.

खिळा आत गेला. डोक्यापर्यंत गेला.

 मालकांनी भिंतीला तळवा लावला. तळवा ओला झाला. त्यांनी वर पाहिले. त्या भिंतीच्या बरोबर वर त्यांची पाण्याची टाकी होती आणि टाकीचा नळ याच भिंतीतून खाली आला होता. मालक गुडघे धरून ट्रंकेवर बसले.

"टाकी दुपारच्या आत रिकामी होते," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला वाटलं खालचे बादल्यांवर बादल्या ओततात आणि चार सांगतात. वर्षभर भिंती ठोकत फिरतोय. गवंड्यानं सिमेंट खाल्लं असेल अशीही शंका. या मजल्यासाठी कर्ज काढलंय मी, अजून फिटलं नाही. रात्री कुठं खुट् झालं तरी उठून बसतो." मग त्यांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

शिष्याला खोटे बोलता आले असते. तो म्हणाला, "दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही डिपॉझिटमधून कापाल म्हणून."

"कापलंच असतं!" मालक म्हणाले. "तू आपण होऊन सांगितलं असतंस तरी पहिल्यांदा मी तेच म्हटलं असतं." ते उठले. "प्लंबरला पाठवतो. भोकांचे पैसे मात्र कापणार, ते सोडणार नाही. बाकीचं डिपॉझिट आहे तिथं आहे. कराराचा कागद उद्या आणतो." दारातून त्यांनी पुन्हा वळून पाहिले. "बादल्या खरंच चार?"

"पाच," शिष्य म्हणाला. "सणाला सहा."

मालक गेल्यावर शिष्य भिंतीतल्या खिळ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "बुवा, तुम्ही त्यांना आधीच का नाही सांगितलं? पायरीवर बसला होतात तेव्हा?"

बुवा म्हणाले, "काय सांगायचं? भिंत ओली आहे? त्याला वाटलं असतं, म्हातारा भाडं कमी करून घ्यायला आलाय. ज्याच्या मनात संशय आहे त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं खरं वाटत नाही. खरं सांगितलं की त्याला त्यातच डाव दिसतो. त्याच्या स्वतःच्या अंगठ्यानं जे कळलं, त्यावर मात्र तो भांडू शकत नाही. म्हणून खिळा त्याच्या हातात दिला."

"आणि मला? मला तरी सांगायचं होतं."

बुवा हसले नाहीत. "तुला मी दिवाळीत म्हटलं असतं की ट्रंक काढ आणि वर जाऊन सांग, तर तुझ्या मनात काय आलं असतं?"

 काल बाजारातून येताना शिष्याच्या मनात जे आले होते तेच आले असते.

"अरे, पाणी एकाच नळातून गळत होतं," बुवा म्हणाले. "वर त्याला वाटायचं खालचा चोर आहे, खाली तुला वाटायचं वरचा चोर आहे. तो दर महिन्याला भिंत ठोकून जे शोधत होता, ते तू दर महिन्याला ट्रंक लावून झाकत होतास. त्यानं एकदा जास्त बघितलं की तू जास्त झाकायचास, आणि तू झाकलंस की तो आणखी बघायला यायचा. यात भिंत तेवढी कुजली. तो लबाड नसेल असं मी म्हणत नाही. भोकांचे पैसे तो कापणारच, आणि पुढच्या वेळी तू पावती मागून घे. पण लबाडाशीसुद्धा व्यवहार करायचा तर मधली ट्रंक काढून करावा. मग निदान दोघांना एकच भिंत दिसते."

शिष्य उठला. वळकटी त्याने दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि ट्रंक पुन्हा तिथे लावली नाही. मुंग्यांचे काम चालूच होते. त्याने त्यांना झाडले नाही, भात संपेपर्यंत जाऊ दिले.

गोष्ट इथे संपते. इथवर मी काल संध्याकाळी लिहिले आणि कागद उशीखाली ठेवून निजलो.

आज सकाळी मालक खाली यायच्या आधी मी उठलो. आमच्या मोरीच्या कडेला एक फळी उभी असते, तिच्यावर मी साबण आणि दात घासायची पावडर ठेवतो. ती फळी काढली. तिच्यामागे भेग आहे, हात जाईल एवढी. जिना चढून वर गेलो आणि दार वाजवले. बोलायचे म्हणून जे जुळवले होते ते सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, "काका, आज आधी मोरी बघा."

त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "का? काय आहे मोरीत?"

"तुम्हीच बघा," मी म्हणालो. त्यांनी पायांत चपला सरकवल्या.