पिकदाणीची साक्ष

वाइनच्या बाबतीत दादासाहेब घोरपड्यांचा शब्द नाशकात शेवटचा मानला जाई. ज्या बाटलीला ते नाक मुरडत, ती कुठलंच हॉटेल ठेवत नसे. त्या दिवशी एका स्पर्धेत, जमलेल्या वाइन उत्पादकांसमोर, त्यांच्यापुढे अठरा वाइन्स चाखायला होत्या. परीक्षकाला शुद्धीवर राहावं लागतं, म्हणून रिवाजाप्रमाणे दादासाहेब घोट तोंडात घोळवत आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकत.

शेवटची बाटली रोहिणी आहेरची होती. निफाडची ही मुलगी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर सहा वर्षं द्राक्षं पिकवत होती. तिकडे ऊन बेताचं असतं, द्राक्ष सावकाश पिकतं आणि वाइन होते ती फिक्या लाल रंगाची, करवंदासारख्या वासाची.

दादासाहेबांनी घोट घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि मग ग्लास उजेडात धरून हसले.

"पोरी, हे तर कोकम सरबत झालं. ना रंग, ना जोर. वाइन कशी दणकट हवी. शंभरात चाळीस."

सगळे हसले. सहा वर्षांची मेहनत एका आकड्यात बुडत होती. रोहिणी मात्र पिकदाणीकडे बघत होती.

"तुमचा निकाल मान्य आहे, दादासाहेब," ती म्हणाली. "फक्त एक विचारते. सकाळपासून सतरा वाइन्स तुम्ही थुंकलात. माझं सरबत तेवढं गिळलंत. ते का?"

सगळ्यांच्या माना पिकदाणीकडे वळल्या. दादासाहेबांचा हात नकळत ओठांवर गेला. मग त्यांनी चाळीसवर काट मारली आणि ग्लास पुढे केला.

"आणखी थोडी वाढ," ते म्हणाले. "या वेळी नीट थुंकून बघतो."

तीही त्यांना थुंकवली नाही.