एकोणीस प्रयत्न

एकदा एका वृद्ध अध्यापकांनी आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीची सगळी बरोबर उत्तरे स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

हे चिपळूणचे खातू सर. आयुष्यभर त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतर त्याच विषयाचे एक संकेतस्थळ उभे केले. पडद्यावर रेणू दिसे. त्यातले इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे जातील, ते विद्यार्थ्याने बाण काढून दाखवायचे. बरोबर असेल तर बाण हिरवा होई, चुकला तर लाल. आणि का चुकला, ते एका ओळीत खाली उमटे. मग पुन्हा प्रयत्न करायचा.

यामिनी सुतार ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. लग्नानंतर तिचे शिक्षण सुटले होते. आता मुलगी शाळेत गेली की ती संगणकापुढे बसे. तिच्या नावावर दोनशे बारा प्रश्न होते आणि प्रत्येक पहिल्याच प्रयत्नात सुटलेला. नवख्या विद्यार्थ्यांच्या शंका सोडवायला सर एक साहाय्यक नेमणार होते. ते काम आपल्याला मिळावे, असे तिला मनापासून वाटत होते. दहा वर्षांत तिला कुणी रसायनशास्त्रातले काही विचारलेच नव्हते.

निवडीच्या दिवशी सकाळी तिने आपले खाते उघडले, तर ते कोरे! मुखपृष्ठावर सरांनी लिहिले होते, ‘साहाय्यक म्हणून मी “नवशिकी” या विद्यार्थिनीची निवड केली आहे. तिला माझा नमस्कार.’

नवशिकी म्हणजे यामिनी स्वतःच होती. त्या नावाने दुसरे खाते काढून ती तिथे हवे तितके चुकत असे, आणि उत्तर सापडले की मग खऱ्या नावाने ते सुबक उतरवून ठेवी.

ती तडक सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर सुपारी सोलत बसले होते.

“सर, मी फसवलं तुम्हाला. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“बस आधी,” सर म्हणाले. “योग्य माणसालाच दिलंय. नवशिकीला उत्तर सापडलं की थोड्याच वेळात तेच तुझ्या नावावर उमटायचं, तेव्हाच मी ओळखलं.”

“मग माझी बरोबर उत्तरं का पुसलीत?”

“कारण त्यात तू मला कुठेच दिसत नव्हतीस. छापील उत्तरंही तशीच असतात. पण दुसऱ्या खात्यातला त्रेचाळिसावा प्रश्न मी तीनदा वाचला. एकोणीस प्रयत्न! आधी तू बाण धनभारित हायड्रोजनपासून काढलास, जिथे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. मग चारच बंध धरणाऱ्या कार्बनला पाचवा बंध जोडलास. बाराव्या प्रयत्नानंतर दोन दिवस फिरकली नाहीस. आणि परत आलीस, ती नेमका हवा तो बंध तोडूनच. अगं, उद्या एखादी मुलगी कार्बनला पाच बंध देऊन रडकुंडीला येईल. तिचं मन तिथे का गेलं, हे तुला सांगता येईल. माझं ते चुकणं पन्नास वर्षांपूर्वीचं. मला आता आठवतही नाही.”

यामिनी म्हणाली, “लाज वाटायची, सर. वर्गात सगळे मला हुशार म्हणायचे.”

“अजूनही म्हणतील. म्हणू देत.”

दोघेही हसले. सरांच्या पत्नीने दिलेला चहा घेऊन ती निवांतपणे घरी परतली.

सोमवारी पहिली शंका आली. कुणा औषधविक्रेत्याने लिहिले होते, ‘मॅडम, सहाव्यांदा चुकलं. माझ्याच्यानं हे होणार नाही.’

उत्तर तिला ठाऊक होते. तिने ते लिहिले नाही. तिने विचारले, ‘पहिला बाण तुम्ही कुठून काढलात? आणि तिथूनच का काढावासा वाटला?’

थोड्या वेळाने पलीकडून लांबलचक, अडखळत लिहिलेला मजकूर आला. यामिनीने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या शब्दापासून तो सावकाश वाचायला घेतला.