तिसरं पातं

"मेस्त्रीनू, होच पंखो घालू की नवीन घेव? तेवढा सांगा."

मोतीराम तांडेल घाईत होते. उद्या पहाटे हंगामातली पहिली फेरी, सात माणसं जाणार, आणि त्यांची बोट अजून पंख्याविना वाळूत.

बाबल मेस्त्री उकिडवे बसून चहा फुंकत होते.

"माका कित्याक विचारतस? ज्येणी दुरुस्त केल्यान, त्येका विचार."

दुरुस्त करणारा रुपेश. मेस्त्रींच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला, त्यात तंत्रनिकेतनाची पदविका, त्यामुळे स्वारी हवेत. एकट्याने केलेलं हे त्याचं पहिलंच काम. खडकावर आपटून पंख्याच्या तीन पात्यांतलं एक पार दुमडलं होतं. लोक म्हणाले, भंगारात घाला. रुपेश सगळ्या बंदरासमोर म्हणाला, नव्यासारखा करून दाखवतो. चार दिवसांत दाखवलाही. पितळ असं चकाकत होतं की तांडेलांनी त्यात बघून मिशा सारख्या केल्या.

"घाला बिनधास्त, काका," रुपेश म्हणाला. "बाजूच्या चांगल्या पात्यावरून फर्मा काढलंय. तंतोतंत जुळता."

मेस्त्रींनी मान डोलावली. मग कप खाली ठेवला.

"चाव."

"काय?"

"पात्याची कड. दातांत धर म्हणतंय."

रुपेशला हसू आलं. हे मेस्त्रींचं जुनं खूळ त्याला ठाऊक होतं. पलीकडे बर्फाचं यंत्र, अलीकडे चार इंजिनं, त्या कल्लोळात धातूचा नाद कानाला येत नाही, म्हणून जुनी माणसं तो दातांनी ऐकत.

"माझ्याकडे माप आसा, मेस्त्रीनू."

"आसांदे."

जमलेली मंडळी खिदळायला लागली. शेवटी रुपेश गुडघ्यावर बसला, डोळे मिटले आणि दुरुस्त केलेल्या पात्याची कड दातांत धरली. मेस्त्रींनी दुसऱ्या टोकाला हातोडीची हलकी टिचकी दिली.

झणझण दातांतून निघाली ती थेट टाळूपर्यंत. रुपेशचे डोळे मोठे झाले. केवढा आनंद झाला त्याला!

"गाता!" तो ओरडला.

"दुसरा धर."

दुसरंही गायलं.

"तिसरा."

हेच ते चांगलं पातं, फर्मा ज्याच्यावरून काढला होता ते. सरळ, गुळगुळीत, ओरखडासुद्धा नाही.

टिचकी बसली.

काहीच नाही...

"परत मारा."

बद्द.

रुपेशने तोंड काढून घेतलं. मेस्त्री आकाशाकडे बघत होते. तांडेल त्याच्याकडे बघत होते, अगदी विश्वासाने. कोणालाच काही कळलं नव्हतं. नुसतं "गाता" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तो उठला. त्या पात्याच्या बुडाशी त्याने रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू घासला आणि वाट बघत बसला.

पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ हळूहळू उमटली.

"काका," रुपेश म्हणाला, "ह्यो पंखो घालू नकात. नवीन घेवा."

"अरे, आत्ता तूच तर..."

"चुकलंय मी. वाकडा होता तेवढाच बघलंय. चांगल्याक हात लावूक नाय. बुडाक चीर आसा, थंय डाग देवन जोडला तरी टिकूचा नाय. भर समुद्रात पाता निसटला असता."

तांडेलांनी त्याच्या पाठीत असा धपका घातला की तो पंख्यावरच आपटायचा बाकी राहिला. "चल, पंखो तूच निवड! दुकानदार काय वाजवन देतलो?" आणि सगळेच हसत सुटले. रुपेशही हसला, कान लाल करून, पण मनापासून.

निघता निघता तो थांबला. परत येऊन मेस्त्रींसमोर बसला.

"खरा सांगा... तुमका आधीच म्हायत होता मा?"

मेस्त्री हसायला लागले. तोंड उघडून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्या एवढ्या मोठ्या तोंडात एकही दात नव्हता.

"माका खंयसून म्हायत? दात तुझे!"